रवळनाथाच्या देवळातला कौल: जाणाऱ्यांसाठी माझा अभिप्राय

वेंगुर्ल्यात उतरायचं कुठे, मासळीची थाळी कुठे चांगली, शिरोड्याच्या वेळागरला कोणत्या वेळी जावं, याबद्दल लोकांनी भरभरून लिहून ठेवलंय. पण गावच्या देवाला कौल लावायचा असेल तर कोणाला भेटायचं, बरोबर काय न्यायचं, काय विचारता येतं आणि काय नाही, याबद्दल चार ओळीही कुठे मिळत नाहीत. माझ्या भाचीने ठाण्याहून फोन करून हेच विचारलं. तिला सांगता सांगता वाटलं, हे लिहूनच ठेवायला हवं.

देऊळ वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहान गावातलं, रवळनाथाचं. माझ्या सासरचं हे मूळ गाव, आमचा संसार मात्र वेंगुर्ले शहरात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण देवस्थानाच्या मानकऱ्यांचं तसं सांगणं आहे. मोबाईल घेऊन शूटिंग करायला येणाऱ्यांचा त्यांना बराच त्रास झालाय. ज्याला खरंच गरज आहे त्याला वाट सापडते. आणि इथे लिहिलेलं बरंचसं सिंधुदुर्गातल्या कुठल्याही रवळनाथाच्या, सातेरीच्या किंवा रामेश्वराच्या देवळाला लागू पडेल.

देवाला तारे देणारी मी कोण? अभिप्राय आहे तो गुरवांच्या कामाबद्दल आणि देवळातल्या सोयींबद्दल. गुरवांना पाचपैकी पाच. सोयींना तीन, तेही हात सैल सोडून.

ज्यांना कौल हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देवाच्या ओल्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, त्यांना कळे म्हणतात. काही देवळांत तुळशीची पानं लावतात, काही ठिकाणी तांदळाचे दाणे. उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला, ठरलेल्या जागी. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं मागणं देवाला मोठ्याने सांगतो, आणि सगळे वाट बघतात. उजवीकडचा कळा पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार.

तळकोकणात हे कोपऱ्यात चालणारं काम नव्हे. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात, पण त्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल होतो तेव्हा ती ठरते, आणि मग मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे धावतात. आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस आणि तीन रात्री राहतं, आणि परत गावात शिरायचं तेही देवाने कौल दिल्यावरच. ही शिकलेली माणसं आहेत, बँकेत, शाळेत, पंचायतीत नोकऱ्या करणारी. ती घरदार सोडून एका पाकळीच्या शब्दावर बाहेर पडतात, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. मलाही वाटत नाही.

माझं कारण घरगुती होतं. चतुर्थीच्या दिवसांत आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग कुडाळला ईसीजी, आणि तिथून गोव्याला बांबोळीचं मोठं इस्पितळ. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की बांबोळीची वाट, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. अँजिओग्राफी झाली, बायपास करायची ठरली, तारीख मिळाली. डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेऊन, कागदावर काळजाचं चित्र काढून सगळं समजावलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कणभर किंतू नव्हता. घरात कुणाच्याच नव्हता.

तरी रात्री झोप येईना. ह्यांचा श्वास चाललाय ना, म्हणून अंधारात हात पुढे करून बघायचे. पैशांची तजवीज झाली, रक्ताची झाली, इस्पितळात सोबत कोण राहणार तेही ठरलं. पण मला जे हवं होतं ते कुठल्याही फाईलीत नव्हतं. ज्याच्या अंगणात ह्यांचं लहानपण गेलं, लग्न होऊन आल्यावर मी पहिला नारळ ज्याच्यापुढे ठेवला, तो रवळनाथ या वाटेवर आमच्याबरोबर आहे ना, एवढं त्याच्याकडूनच ऐकायचं होतं. म्हणून दसरा झाल्यावर भावजींना घेऊन गेले.

जायचं कसं ते सांगते. रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोड, तिथून एसटीने वेंगुर्ले, पुढे गावाकडची एसटी किंवा रिक्षा. एसटी मोजक्याच आहेत, रिक्षाच बरी, पण परतीचं आधी बोलून ठेवा, कारण गावात रिक्षास्टँड नाही. देवळाकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते. म्हाताऱ्या माणसाला हात धरूनच उतरवा. बरोबर शेंडीचा नारळ, विड्याची पानं, सुपारी, अगरबत्ती आणि समईसाठी तेल. फुलं नेऊ नका, देवळामागे पिटकुळीचं मोठं झाड आहे, कळे त्याचेच घेतात. ठरलेली फी नाही. किती ठेवायचे म्हणून मी विचारलं, तर गुरवकाका म्हणाले, "नारळ हाडलंस मा? मगे झाला." आम्ही आमच्या मनाने ताटात ठेवले, ते त्यांनी मोजलेही नाहीत.

सकाळची पूजा आटोपली की कौल लावायला बसतात. सोयर-सुतक असेल तर जाऊ नये. गावाचं काही कार्य असेल त्या दिवशी खाजगी कौल होत नाही, म्हणून आधी कुणाकडून तरी चौकशी करून घ्या. ज्याचा प्रश्न असेल त्याने स्वतः यावं असा रिवाज आहे, पण आजारी माणसाच्या वतीने घरचं माणूस चालतं. मुंबईकरांसाठी हल्ली फोन स्पीकरवर ठेवूनही गाऱ्हाणं घालतात. मी गेले त्याच सकाळी बोरिवलीचं एक कुटुंब फोनवर होतं, पलीकडून बायकापोरांचं "व्हय म्हाराजा" ऐकू येत होतं. काहीजण याला नाकं मुरडतात. मला ते मुळीच खटकलं नाही. ज्याला येता येत नाही त्याची तळमळ काही कमी नसते. मात्र येणं शक्य असेल तर याच, कारण तिथे उभं राहून जे होतं ते फोनवर व्हायचं नाही.

आता मुख्य गोष्ट, गुरवकाकांचं काम.

भावजींनीच पुढे होऊन सांगितलं, "काका, दादाचा आपरेशन आसा. बरो होवन घराक येतलो काय नाय, ता इचारा." काकांनी हातातलं ओलं फडकं बाजूला ठेवलं, उठून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आले आणि मला म्हणाले, "बाये, डाक्टर काय म्हणता ता आधी सांग." मी सगळं सांगितलं. तारीख कधीची, रक्त कोण देणार, इस्पितळात रात्री कोण राहणार, एकेक करून त्यांनी विचारून घेतलं. मग भावजींकडे वळून म्हणाले, "ह्या इचारूचा न्हय. पुढचा भविष्य सांगूक देव काय ज्योतिषी न्हय. आणि आपरेशन करूचा काय नाय, ताव इचारूचा न्हय. ता डाक्टरान सांगला हा. तुमका देवाकडसून काय व्हया, ता सांगा."

इतक्या दिवसांच्या धावपळीत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. काय पाहिजे, किती पाहिजे, कधी पाहिजे, हे सगळीकडे विचारलं होतं, पण औषधांचं, पैशांचं. देवाकडून काय हवंय? मी म्हटलं, "काका, तो आमच्यावांगडा आसा काय, इतक्याच." काकांनी मान हलवली. "ह्या इचारूक गावता," म्हणाले.

कळे हातात घेण्याआधी त्यांनी आणखी एक विचारलं. "डावो इलो तर काय करतलंस?"

मी गप्प झाले. ते म्हणाले, "आधी बोल. मगे कळो लायतंय."

उत्तर देणं भाग होतं. मी सांगितलं, डावा आला तरी ठरल्या दिवशी बांबोळीला जाणारच, पण मग मनाने मी एकटी जाईन. काकांनी ते पुरतं ऐकून घेतलं. "डावो इलो म्हणून इस्पितळाची वाट बंद होणा नाय," ते म्हणाले. "देवाक परत गाऱ्हाणा घालूचा, काय ऱ्हवला हा ता बघूचा. पण जाणा चुकवूचा नाय. कबूल?" मी कबूल म्हटलं. भावजींकडूनही त्यांनी ते वदवून घेतलं, आणि मगच कळे उचलले.

पाचपैकी पाच देते ते यासाठी. उजवाच यायला हवा असं मनात धरून गेलेल्या माणसाला कौलाची गरजच नसते, त्याला नुसता शिक्का हवा असतो. काकांनी मला आधी नकाराच्या समोर उभं केलं. डावा येऊ शकतो, देव नाही म्हणू शकतो, हे मान्य करून मी तिथे उभी राहिले तेव्हा कुठे माझं मागणं खरं झालं. पाय कापत होते. पण त्या कापऱ्या पायांनी उभं राहणं हीच माझी त्याच्यावरची श्रद्धा होती असं मला वाटतं. घरी शांत बसून "तो आहेच" म्हणणं मला जमत होतंच की, ते काही अवघड नव्हतं.

कळे लावताना मी डोळे ताणून बघत होते. पाषाण काळाभोर, हातात खड्ग, नुकतंच पाणी घातल्यामुळे खांद्यांवरून थेंब ओघळत होते. काका पिटकुळीची एकेक तांबडी पाकळी चिमटीत घेत आणि अंगठ्याने दाबून बसवत: दोन्ही खांदे, छातीच्या दोन बाजू, दोन्ही गुडघे. उजवीकडची सैल आणि डावीकडची घट्ट असं काही होत नाही ना, हे मी मुद्दाम बघितलं, कारण मला खोटा दिलासा नको होता. दोन्हीकडे तोच अंगठा, तेवढाच दाब. मग मागे सरून त्यांनी हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. घरधन्याक मोठ्या आजारान घेरल्यान हा. डाक्टरान इलाज सांगलो हा, तो करूक ही मंडळी परमुलखाक जातत. तेंच्या वाटेत काय आडवा इला आसात ता दूर कर. डाक्टराच्या हाताक यश दी. आणि तुझी राखण तेंच्यावांगडा आसा, तर उजवी देवन तेंका मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागे दोन-चार माणसं आपापल्या कामासाठी येऊन बसली होती. त्यांना आमचं नावही ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक वाक्याला ती होय म्हणत होती, मोठ्याने, मनापासून. माझ्या घरधन्यासाठी परकी माणसं देवाला होय म्हणत होती. देवघरात एकटीने हात जोडून हे मिळत नाही, आणि फोनवर ते मिळणार नाही म्हटलं ते यामुळेच.

मग वाट बघणं. काका खाली मांडी घालून बसले. कुणी बोलत नव्हतं. डाव्या खांद्यावरच्या पाकळीची वरची कड सुटली आणि ती पुढे लोंबली. भावजींनी माझा हात धरला. ती आता पडते, मग पडते, असं कितीतरी वेळ वाटत राहिलं. माझ्या घशाला कोरड पडली. त्या वेळात मी मागणं वगैरे काही केलं नाही, मनात एकच होतं, जे द्यायचं ते दे, पण तू दे. लोंबणारी पाकळी तशीच राहिली. आणि कुणाचं लक्ष नव्हतं ती उजव्या छातीवरची सरकली, ओल्या पाषाणावरून घसरत कमरेपाशी क्षणभर अडकली आणि खाली आली.

"उजवी दिल्यान!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजातही सुटका होती. ती पाकळी तुळशीच्या पानाबरोबर त्यांनी माझ्या ओंजळीत घातली. मी रडले. भावजीही रडले, ज्यांना मी त्यांच्या वडिलांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचंही सांगायला हवं, कारण बरेचजण तिथे असंच करतात. मी काकांना म्हटलं, आणखी एकदा लावा. शंका आली म्हणून नव्हे. एकदा ऐकलं ते पुन्हा ऐकावंसं वाटलं. लेकरू आईला तेच तेच विचारतं तेव्हा त्याला उत्तर माहीत नसतं असं थोडंच आहे? काका रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा कळे लावले, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या खेपेला काहीच झालं नाही. उजवं नाही, डावं नाही. नैवेद्याची वेळ होत आली तरी सगळ्या पाकळ्या जिथल्या तिथे. शेवटी काकांनी त्या स्वतःच्या हाताने काढल्या आणि म्हणाले, "तेना एकदा सांगल्यान बाये. मगे परत कित्याक सांगात?"

दुसऱ्या एका ठिकाणी मी वेगळं पाहिलं आहे. तिथे मनासारखा कौल येईपर्यंत कळे बदलत राहिले आणि प्रत्येक वेळी ताटात नोटा पडत राहिल्या. या काकांनी तसं केलं नाही. देव गप्प राहिला ते त्यांनी गप्प राहू दिलं. उजवा मिळाल्याचा आनंद मोठा होताच, पण त्या दुसऱ्या गप्प राहण्यामुळे पहिल्या उत्तराचं वजन मला जास्त कळलं.

माझी नणंद कणकवलीला असते. ती माळकरी, दर वर्षी वारीला जाणारी. तिला हे पटत नाही. तिचं म्हणणं, देवाकडे खुणा मागू नयेत, नाम घ्यावं आणि त्याच्यावर सोडून द्यावं, खूण मागितली म्हणजे भरवसा कमी पडला. ती हे प्रेमाने बोलते आणि तिची भक्ती माझ्यापेक्षा थोर आहे, हे मी मानते. पण तिच्याच पंथातले तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले, भेट दे म्हणून किती हट्ट धरून बसले. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी कुणी असं भांडत नाही आणि त्याच्या दारात उत्तरासाठी ताटकळतही नाही. मी रवळनाथाकडे तो आहे याचा पुरावा मागायला गेले नव्हते. त्याचा शब्द माझ्यासाठी जगातल्या कुठल्याही शब्दापेक्षा मोठा आहे, म्हणून तो मागायला गेले होते. भीती वाटत असताना माणूस कोणाचं दार वाजवतो यावरून त्याचा विश्वास कुठे आहे ते कळतं.

भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मामी, पाकळी पाण्याने चिकटते आणि पाणी सुकलं की पडते." बरोबर आहे, आणि गुरवकाकांना ते त्याच्याआधीपासून माहीत आहे. पण कुठली पाकळी आधी सुटावी ते काकांच्या हातात नाही, माझ्याही नाही. घरातल्या, इस्पितळातल्या, बँकेतल्या सगळ्या गोष्टी आम्ही आमच्या हातांनी करतो. तेवढी एक जागा आम्ही देवासाठी मोकळी ठेवतो. त्यावर तो काही बोलला नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यानेच फोन करून विचारलं, पाकळी बरोबर घेतलीस ना? घेतली होती, कागदात गुंडाळून पर्समध्ये.

ऑपरेशन नीट झालं. हे आता घरी आहेत, सकाळी बाजारापर्यंत चालत जातात, काजूच्या बागेतली चढण मात्र डॉक्टरांनी अजून बंद ठेवली आहे. पण माझा अभिप्राय यावर बेतलेला नाही. थिएटरचं दार बंद झाल्यापासून ते उघडेपर्यंतचे तास मी कसे काढले, त्यावर बेतलेला आहे. शेजारी सिंधुदुर्गातल्याच आणखी दोन बायका होत्या. मी त्यांना चहा आणून देऊ शकले, त्यांचं ऐकून घेऊ शकले. चतुर्थीपासूनची माझी अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना विचारा, हे माझ्याने झालं असतं का.

कौल लावायला जाणाऱ्यांना एक कळकळीने सांगते. जिथे गुरव किंवा आणखी कोणी म्हणेल की डॉक्टरकडे जाऊ नका, औषध थांबवा, देव बघून घेईल, तिथून नारळ उचला आणि उठा. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा धरला आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आमच्या काकांनी पहिला प्रश्न डॉक्टरांबद्दल केला, ही मी चांगल्या ठिकाणाची ओळख मानते. दुसरी ओळख, पुढे खर्चिक विधी सांगत नाहीत. डावा आला असता तर काय सांगितलं असतं ते मी काकांना नंतर विचारलं. म्हणाले, नारळ आणि गाऱ्हाणं, दुसरं काय?

नवस आणि कौल यांत लोक गल्लत करतात, तेही सांगून टाकते. नवस म्हणजे आपण देवाला दिलेला शब्द, कौल म्हणजे त्याच्याकडून मागितलेला. नवस मी आरवलीच्या वेतोबाला बोलले होते. आमच्याकडे वेतोबा म्हणजे रात्रीचा राखणदार, गावाच्या वेशीभोवती फिरतो, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणांचे तळ झिजतात. म्हणून त्याला चामड्याच्या मोठ्याथोरल्या वहाणा आणि केळीचा घड वाहतात. देवळात गेलात तर वाहिलेल्या वहाणा बघा. ह्यांना गाडीत बसायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात आम्ही दोघं जाऊन वहाणा आणि घड ठेवून आलो. आरवलीला गेलात तर रस्ता पुढे शिरोड्याकडे जातो, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडं, आणि त्याच्याही पुढे रेडीचा गणपती. कौलासाठी लांबून येणाऱ्यांनी एक दिवस जास्त काढून या तिन्ही ठिकाणी जाऊन यावं.

आता सोयींचे दोन तारे का कापले ते.

बायकांना गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत, तो रिवाज आहे आणि त्यावर मी इथे वाद घालत नाही. पण उंबऱ्यापाशीसुद्धा पुरुषच दाटीने उभे राहतात. कौल माझा आणि मला दिसावं म्हणून भावजींना माणसं बाजूला करावी लागली. माझ्या मागून आलेल्या एका म्हातारीला तर काहीच दिसलं नाही. तिच्या सुनेचं बाळंतपण होतं, आणि कौल उजवा की डावा ते तिला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. ज्याचं गाऱ्हाणं चाललंय त्याच्यासाठी उंबऱ्यासमोरची जागा राखून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी पैसाही लागत नाही.

बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. सभामंडपाचं नवीन काम झालं, लादी बसली, रंग झाला, पण हे राहिलं. पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, पाणी चांगलं, पेला मात्र साखळीला बांधलेला एकच. मंडपात पंखे आहेत, वीज गेली की उकाडा सोसावा लागतो. शूटिंग करू नये अशी पाटी लावली आहे ती खांबाच्या मागल्या बाजूला. मी तिथे असताना एक पर्यटक मुलगा त्या म्हातारीचं रडणं मोबाईलमध्ये घेत होता. गावातल्या तरुणांनी त्याला बाहेर काढलं, चांगलं केलं. पाटी समोर आणली तर ही वेळच येणार नाही.

मानकऱ्यांना हे सगळं मी तोंडी सांगितलं आहे, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उंबऱ्यापुढची जागा आणि स्वच्छतागृह एवढी दोन कामं झाली की सोयींचे तारे मी स्वतः येऊन वाढवीन. तोवर जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. मध्यान्हीचा नैवेद्य झाला की कळे लावत नाहीत, मग नारळ ठेवून दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं.